खाली बसलेला ट्रक आणि मागे जोडलेले ओझे : पिकअपच्या कमानपाट्यांचा इतिहास

१/
१ जानेवारी १९५८ रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन-संहितेत कलम २४००८ अमलात आले. मूळ बांधणीत फेरफार करून मोटारीचा कोणताही भाग चाकाच्या लोखंडी कड्याच्या, म्हणजे रिमच्या, सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा जमिनीजवळ आणणे बेकायदा ठरले. पुढे या कलमाच्या मजकुरात सहा हजार पौंडांखालील, म्हणजे सुमारे २,७२० किलोंच्या आतील, व्यापारी वाहनेही आली. त्या राज्यात पिकअप ट्रकची नोंदणी व्यापारी वाहन म्हणूनच होते. मालकाने आपल्या ट्रकची पाठ किती खाली आणावी, हा प्रश्न अशा रीतीने न्यायालयाच्या दारापर्यंत गेला. #थ्रेड

२/
या कायद्याने मोजले ते जमिनीपासूनचे अंतर. त्या ट्रकला किती ओझे पेलायचे आहे, याची मोजदाद त्यात नव्हती. पिकअपचा खरा पेच मात्र तिथेच आहे. याच वाहनाने सोमवारी सामान वाहायचे, शनिवारी नाव किंवा ट्रेलर ओढायचा आणि रविवारी रस्त्यावर दिमाखात, जमिनीला जवळजवळ टेकून फिरायचे. या तिन्ही अपेक्षा एकाच जोडी कमानपाट्यांकडून करायच्या म्हणजे काय, हे समजण्यासाठी सुरुवात मोटारीच्याही आधीपासून करावी लागते.

३/
१६७८ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने स्प्रिंगविषयीचा आपला नियम उघड केला : जेवढा ताण, तेवढे बळ. स्प्रिंगवर दुप्पट भार ठेवला की ती दुप्पट दबते. नियम साधा आहे, पण वाहनाच्या दृष्टीने त्याचा अर्थ मोठा आहे. स्प्रिंगवर उभ्या असलेल्या गाडीची उंची स्थिर नसते. ती त्या क्षणी गाडीत असलेल्या ओझ्यावर ठरते. उंची आणि भार यांची ही गाठ पुढची अडीचशे वर्षे कोणालाही सोडवता आली नाही.

४/
१८०४ मध्ये लंडनच्या ओबडाया एलियट याने घोडागाड्यांसाठी लंबवर्तुळाकार कमानपाट्यांचे पेटंट घेतले. त्यापूर्वी गाडीचे अंग चामडी पट्ट्यांवर टांगलेले असे आणि पुढच्या-मागच्या आसांना जोडणारा एक जड लाकडी वासा खालून जात असे. एलियटने कमानी थेट आसावर बसवल्या आणि त्या वाश्याची गरज संपवली. गाडी हलकी झाली आणि बसकी होऊ शकली. वाहन खाली आणण्याची ओढ आणि स्प्रिंगची सुधारणा यांचे नाते इतके जुने आहे.

५/
१५ एप्रिल १९२५ रोजी फोर्ड कंपनीने मॉडेल टीवर कारखान्यातच बसवलेला मागचा हौदा विकायला काढला. किंमत २८१ डॉलर. त्याआधी शेतकरी व दुकानदार मोटारीचा मागचा भाग कापून लाकडी पेटी स्वतःच ठोकून घेत. पहिल्याच वर्षी असे सुमारे ३४ हजार ट्रक खपले. मॉडेल टीच्या पुढे आणि मागे एकेक आडवी कमान असे. पिकअप हा मोटारीचा भाऊबंद, पण पाठीवर पोते घेणारा. त्याचे मागचे पाटे म्हणूनच अधिक ताठ होत गेले.

६/
या ताठपणाची किंमत रिकाम्या ट्रकमध्ये बसणाऱ्याने मोजली. अर्धा टन माल सोसण्यासाठी बनवलेली कमान माल नसताना दबतच नाही. मागचा भाग उंच उभा राहतो आणि खड्ड्यावर ट्रक उसळतो. पिकअपचा मागचा उंच कल हा नक्षीदाराच्या लहरीतून आलेला नाही. न भरलेल्या मालासाठी राखून ठेवलेली ती जागा आहे. ट्रक खाली आणणारा प्रत्येक जण या राखीव जागेतून काही भाग खर्च करत असतो.

७/
याच गणिताचा उलटा उपयोग अमेरिकेच्या अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागात झाला. चोरट्या दारूची वाहतूक करणाऱ्यांच्या मोटारींची मागची बाजू मालाने दबली की सरकारी कारकुनालाही संशय येई. म्हणून त्यांनी मागे जादा ताठ स्प्रिंगा बसवल्या. भरलेली गाडी सपाट दिसे, रिकामी मात्र शेपटी वर करून धावे. १९४८ साली स्थापन झालेल्या नॅसकार या शर्यत-संस्थेच्या पूर्वेतिहासात या चालकांचे स्थान आहे. त्यांना ओझे लपवायचे होते. कॅलिफोर्नियातील तरुणांना रिकामी गाडी भरल्यासारखी दिसायला हवी होती.

८/
दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पूर्व लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी जुन्या शेवरोले मोटारी घेऊन त्या खाली बसवण्यास आरंभ केला. पहिला उपाय अगदी घरगुती होता : डिकीत वाळूची पोती किंवा सिमेंटच्या गोण्या. हुकच्या नियमाचा हा सरळ वापर होता. वजन ठेवले की कमान दबते. इतर अमेरिकन तरुण वेगासाठी मोटारी हलक्या करत असताना हे तरुण मुद्दाम सावकाश जात. 'बाहितो इ सुआवेसितो', म्हणजे खाली आणि हळुवार, ही त्यांची घोषणा झाली.

९/
ही हौस कोणत्या काळात आली, तेही पाहिले पाहिजे. जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर गणवेशातील खलाशांनी व सैनिकांनी ढगळ झूट सूट घातलेल्या मेक्सिकन-अमेरिकन मुलांना मारहाण केली, त्यांचे कपडे फाडले. मुले कशी दिसतात, हाच त्यांचा गुन्हा ठरवला गेला. त्या समाजातील कितीतरी घरांत मिळकतीचे साधन म्हणजे बागकाम, बांधकाम, शेतमजुरी, आणि या कामांना लागणारा जुना पिकअप. ती गाडी चकचकीत करून, खाली बसवून व्हिटियर बुलेव्हार्डवरून हळू नेणे म्हणजे रस्त्यावर आपलाही हक्क आहे, असे न बोलता सांगणे होते.

१०/
वाळूची पोती हा तात्पुरता उपाय. कायमच्या उपायांची परंपरा गॅरेजांत घडली. जिथे कमानपाटा आसाच्या खाली बांधलेला असे, तिथे दोहोंच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालत. ठोकळा जेवढा जाड, तेवढी गाडी खाली. अनेक पिकअपमध्ये मात्र पाटा आसाच्या वर असतो. तिथे आस उचलून पाट्याच्या वर घेतात. आसाच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या थराची जाडी मिळून जेवढी होते, तेवढा ट्रक एका फटक्यात खाली येतो. या दोन्ही रीतींत पाटा तोच राहतो, म्हणून त्याची ताकदही तशीच राहते.

११/
तिसरी रीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक : पाट्यांतून एखादे पान काढून टाकणे. सारख्या जाडीच्या चार पानांतून एक काढले, तर कमानीचा ताठपणा सुमारे एक चतुर्थांशाने घटतो. ट्रक खाली बसतो, रिकामा असताना मऊही चालतो. मालकाला वाटते, दोन्ही साधले. पहिले जड ओझे मागे जोडले की मात्र गमावलेल्या पानाची आठवण होते. उंची कमी करताना ताकद विकली गेलेली असते.

१२/
गुंडाळीच्या स्प्रिंगची गोष्ट वेगळी आहे. १९६० च्या मॉडेलपासून शेवरोलेने आपल्या अर्ध्या टनाच्या बहुतेक पिकअपना मागे पाट्यांऐवजी लांब भुजांवर बसवलेल्या गुंडाळीच्या स्प्रिंगा दिल्या, आणि १९७२ पर्यंत ती रचना टिकली. हे ट्रक खाली आणणाऱ्यांचे आजही लाडके आहेत. इथे एक विरोधाभास दिसतो. आठ वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला, तर ती मऊ न होता सुमारे १४ टक्के अधिक ताठ होते. मात्र अनेकांनी कापण्याऐवजी गॅसच्या ज्योतीने ती तापवून खाली बसवली. तापवलेल्या पोलादाचे पाणी उतरते, आणि अशी स्प्रिंग भाराखाली बसतच जाते.

१३/
आता ओझे ओढण्याचे गणित. बैलगाडी भरणाऱ्या जुन्या शेतकऱ्याला ते पुस्तकाविना ठाऊक होते. माल मागे सरकला की गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठते. माल पुढे सरकला की सगळा भार मानेवर येतो. ट्रेलरचेही तेच आहे. साध्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे ट्रकच्या हिचवर यावा, असा संकेत आहे. तो फार कमी झाला की ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झुलू लागतो. फार वाढला की ट्रकची पाठ वाकते.

१४/
सोयीसाठी गोल आकडे धरावेत. ट्रकच्या दोन आसांत ३ मीटर अंतर आहे आणि हिच मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आहे. हिचवर २०० किलो भार आला. मागच्या आसावर मात्र २०० नव्हे, २८० किलो वाढतात. वरचे ८० किलो पुढच्या आसावरून उचलले जातात, कारण मागचा आस तरफेच्या टेकूसारखा वागतो. पाठ दबते, नाक उठते, सुकाणूच्या चाकांची पकड कमी होते आणि दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

१५/
याच ट्रकची मागची कमानजोडी दर सेंटिमीटरला ७० किलो घेते, असे समजू. २८० किलोंनी पाठ ४ सेंटिमीटर खाली जाईल. मूळ ट्रकमध्ये आस आणि चासीवरचा रबरी ठोकळा यांत १२ सेंटिमीटर मोकळी जागा असेल, तर ८ उरतात. तोच ट्रक आधीच ७ सेंटिमीटर खाली आणलेला असेल, तर मुळात उरलेल्या पाचांपैकी एकच सेंटिमीटर शिल्लक राहतो. पहिल्याच खड्ड्यात आस ठोकळ्यावर आदळतो. त्या क्षणी ट्रकला स्प्रिंग नसते, नुसते लोखंडावर लोखंड असते.

१६/
या अडचणीवर गॅरेजांनी काढलेला उपाय म्हणजे चासीलाच खाच पाडणे. आसाच्या बरोबर वर चासीच्या दोन्ही लांब तुळयांना खालून अर्धगोल कापायचे आणि त्या जागी जाड पोलादाची कमान बसवून पक्की करायची. गमावलेली जागा अशी परत मिळते. पण ट्रेलर ओढताना चासीला सर्वाधिक वाकवणारा ताण याच भागातून जातो. पुरेशी जोड न देता पाडलेली खाच म्हणजे घराची तुळई कापून उंच माणसासाठी दार करण्यासारखे आहे. दार होते, छताचा भरवसा जातो.

१७/
उंचीला बांधलेल्या आणखी काही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. आस सरकला की इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या सांध्यांचे कोन बदलतात, ते जुळवले नाहीत तर वेगात थरथर सुटते. कित्येक जपानी पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब चासी व आस यांतील अंतर मोजणारी एक झडप ठरवते. अंतर कमी, म्हणजे ट्रक भरलेला, असे तिला वाटते. ट्रक खाली आणून ती झडप तशीच ठेवली, तर रिकाम्या ट्रकलाही ती भरलेला समजते आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके जाम होतात. वाहन मालकाशी नव्हे, आपल्या मोजमापाशी प्रामाणिक असते.

१८/
पुन्हा १९५८ कडे. कलम २४००८ मुळे चालान होऊ लागले तेव्हा सान बर्नार्डिनोच्या रॉन अगिरे या तरुणाने १९५९ मध्ये एक तोड काढली. आपल्या कॉर्व्हेटला त्याने युद्धातील विमानांच्या जुन्या सामानातील हायड्रॉलिक पंप व झडपा बसवल्या. पोलीस दिसला की कळ दाबून गाडी कायदेशीर उंचीवर, तो गेला की पुन्हा जमिनीजवळ. 'एक्स-सॉनिक' नावाने ही मोटार प्रसिद्ध झाली. एका कलमाने बंद केलेली वाट एका पंपाने उघडली. उंची चालकाच्या बोटावर आली.

१९/
विमानांचे सामान संपत आल्यावर लोरायडरांनी पंप घेतले ते माल चढवणाऱ्या ट्रकांच्या मागच्या उचल-फळीचे. ओझे उचलण्यासाठी बनलेले यंत्र अशा रीतीने ऐट उचलू लागले. ट्रेलर ओढणाऱ्याला मात्र या पंपाचा फारसा उपयोग नव्हता. तेल दाबले जात नाही. तेलाने भरलेला दट्ट्या उंची बदलतो, पण धक्का गिळण्याचे काम सोबतच्या स्प्रिंगलाच करावे लागते. उंची आणि ताकद यांची गाठ सैल झाली, सुटली नव्हती. ती सुटली हवेने.

२०/
रबरी थैलीत कोंडलेली हवा ही विलक्षण स्प्रिंग आहे. ओझे वाढले की दाब वाढवायचा. उंची तीच राहते आणि ताठपणा ओझ्याच्या प्रमाणात वाढतो. पाट्यावरचा रिकामा ट्रक उसळतो आणि भरलेला डुलतो, हवेवरचा ट्रक दोन्ही वेळा जवळजवळ सारख्याच लयीत चालतो. १९५४ च्या ग्रेहाउंड सीनिक्रूझर बसने प्रवाशांना हा अनुभव दिला. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूअममध्ये आणि १९५८ च्या शेवरोलेत 'लेव्हल एअर' या नावाने ती रचना मोटारीत आली. पण ती महाग होती, गळत असे, आणि थोड्याच काळात मागे घेतली गेली.

२१/
कारखान्यांनी सोडलेली हवा साध्या रूपात पिकअपवाल्यांकडे टिकली. कमानपाटा जागेवर ठेवून त्याच्या वर, चासीच्या खाली, छोटी हवाथैली मदतनीस म्हणून बसवायची. रिकामा ट्रक खाली, ट्रेलर जोडला की थैलीत हवा, पाठ पुन्हा सपाट. खाली आणलेल्या ट्रकने ओझे ओढावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हीच आज सर्वांत रुळलेली वाट आहे : पानांची संख्या न घटवता आसाची जागा बदलणे, चासीला पक्की खाच आणि सोबत हवाथैली.

२२/
एक गैरसमज मात्र या वाटेवर कायम भेटतो. थैलीने पाठ सपाट केली म्हणजे ट्रकची क्षमता वाढली, असे नाही. वरच्या उदाहरणातील २८० किलो मागच्या आसावर तसेच असतात आणि पुढचे ८० किलो परत येत नाहीत. ते परत आणण्यासाठी १९५०च्या दशकात फिरत्या ट्रेलर-घरांच्या लोकप्रियतेबरोबर वेगळी हिच रूढ झाली. तिच्या ताणलेल्या लवचीक दांड्या ट्रक व ट्रेलर यांना एका तुळईसारखे बांधतात आणि भाराचा काही भाग पुढच्या आसाकडे व ट्रेलरच्या चाकांकडे ढकलतात. दाराच्या चौकटीवर छापलेली आसाची व टायरची मर्यादा कोणत्याही थैलीने बदलत नाही.

२३/
दरम्यान राजकारणाने या कथेत अनपेक्षित हात घातला. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये हलक्या ट्रकांच्या आयातीवर २५ टक्के कर लावला. 'कोंबडी कर' म्हणून तो आजही ओळखला जातो. जपानी कंपन्यांनी हौद्याविना ट्रक आणून हौदा अमेरिकेत बसवला आणि १९८० पर्यंत कमी जकात भरली. या वाटेने आलेले छोटे, स्वस्त ट्रक १९७० व ८०च्या दशकांत कॅलिफोर्नियातील तरुणांच्या हाती पडले आणि 'मिनी ट्रक' नावाची खाली बसवलेल्या ट्रकांची नवी लाट उभी राहिली.

२४/
या लाटेने कारखान्यांनाही मोह घातला. १९९१ मध्ये जीएमसीने सायक्लोन हा बसका, टर्बो इंजिनाचा, २८० अश्वशक्तीचा पिकअप काढला. त्या वर्षी एका अमेरिकन नियतकालिकाने फेरारीशी त्याची शर्यतीची तुलना केली. पण या ट्रकाच्या हौद्याची मर्यादा होती ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो, तीन धडधाकट माणसांइतकी. ट्रकचे रूप राहिले, ट्रकचे काम गेले. पाठ खाली आणण्याची किंमत कारखान्यालाही चुकवता आली नाही, त्याने ती फक्त प्रामाणिकपणे छापली.

२५/
दोन्ही गोष्टी एकाच ट्रकात देणारी हवा अखेर कारखान्यातून आली ती २०१३ च्या रॅम १५०० मध्ये. चारही चाकांवर हवेच्या स्प्रिंगा, वेगात ट्रक थोडा खाली, मागे ओझे जोडले की पाठ आपोआप सपाट. पूर्व लॉस एंजेलिसच्या गल्ल्यांत पोती, ठोकळे आणि विमानांचे पंप घेऊन जे साधण्याचा प्रयत्न झाला, ते आता दुकानात किंमत मोजून मिळू लागले. त्या गल्ल्यांतील लोकांना मात्र त्याच गोष्टीसाठी अजूनही चालान होऊ शकत होते.

२६/
कारण कलम २४००८ अजून जिवंत होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस व्हिटियर बुलेव्हार्ड क्रूझिंगसाठी बंद झाला. १९८०च्या दशकात शहरांना अशा फेऱ्यांवर बंदी घालण्याचे अधिकार मिळाले. लोरायडर मंडळांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी विधेयक ४३६ वर सही केली. १ जानेवारी २०२४ पासून क्रूझिंगवरील स्थानिक बंदीचे अधिकार आणि उंचीची ती अट, दोन्ही संपली. कलम अमलात आल्याला त्या दिवशी बरोबर ६६ वर्षे झाली होती.

२७/
कायदा गेला, हुकचा नियम उरला. आज कॅलिफोर्नियात पिकअप जमिनीला टेकवायला राज्याची हरकत नाही. पण त्याच ट्रकच्या मागे कुटुंबाची नाव किंवा बागकामाची यंत्रे जोडायची असतील, तर त्या ठोकळ्यापाशी उरलेले सेंटिमीटर मोजावेच लागतात. तिथे चूक झाली तर दंडाची पावती मिळत नाही. उतारावर झुलणारा ट्रेलर मिळतो, आणि त्याच्या वाटेत येणारे लोक बहुधा अनोळखी असतात.

२८/
वाळूच्या पोत्यापासून हवेच्या थैलीपर्यंतचा हा प्रवास श्रीमंतांच्या प्रयोगशाळेत सुरू झाला नाही. जुना ट्रक, अपुरा पैसा आणि रस्त्यावर नजरेत भरण्याची इच्छा, एवढ्या भांडवलावर तो झाला. ज्यांनी तो नीट केला, त्यांनी रविवारची ऐट राखताना सोमवारचे ओझे विसरले नाही. त्यांच्या ट्रकची पाठ रिकामी असताना खाली असे आणि भार आल्यावर सपाट. खाली आणलेल्या पिकअपची खरी पारख आजही ट्रेलर जोडल्यावरच होते.

(थ्रेड समाप्त)